चढलास कुठून?

मला इंग्रजी बाईंनी शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण लिहिता लिहिता मी भलतीकडे जाईन आणि ज्यांची आठवण पहिली काढायची त्याच मागं राहतील. बाईंचं खरं नाव आमच्याकडे कुणी घेतच नसे. बोर्लीच्या बाजारात त्या बाई, एसटीच्या कंडक्टरला बाई, देवळात बाई. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, आणि भाऊ गेल्यावर त्याची समुद्राजवळची पोफळीची वाडी एकटीनं सांभाळणाऱ्या.

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. आज आखातात एका यार्डात क्रेनला माल बांधून द्यायचं काम करतो. दिवसभर कानाशी वॉकीटॉकी, त्यातून इंग्रजी येतं आणि त्याप्रमाणं मी हात चालवतो. ते इंग्रजी नसतं तर मला आल्या आल्या परत पाठवलं असतं, आणि परत जाऊन चढायला आमच्याकडे झाड उरलेलं नव्हतं. खोलीतली पोरं विचारतात, "इतना इंग्लिश किधर सीखा?" मी सांगतो, "पेड पे." ती हसतात. पण खरं आहे ते.

बाई वाडीत हेल्मेट घालून फिरायच्या. नऊवारी नाही, साधी सुती साडी, पायात रबरी बूट आणि डोक्यावर भावाचं लाल हेल्मेट, काच वर केलेली. सुपारी पडते, झावळी पडते, मधेच असलेल्या माडांचे नारळ पडतात, म्हणून हेल्मेट. त्यात वेडेपणा काही नाही. वेडेपणा असा की घरात जाताना त्या ते काढायला विसरायच्या आणि तसंच देवाला फूल वाहायच्या. ज्या स्कूटरचं ते हेल्मेट, ती स्कूटर पडवीत उभी होती. तिला कुणी चालवत नसे. तिच्या उघड्या डिकीत एक कोंबडी अंडी घालायची. "भावानं गाडी रिकामी ठेवलेली नाही," असं बाई म्हणायच्या.

माझा बा त्यांच्याकडे पोफळीवर चढायचा. आमचा गाव आत, डोंगराच्या अलीकडे, भातशेतीचा. भात झोडून झालं की बा किनाऱ्यावरच्या वाड्यांतून सुपारी काढायला उतरायचा. पायात दोरीचं कडं, कमरेला कोयती. पोफळ बारीक आणि उंच असते. एकदा शेंड्याला गेला की चढणारा खाली येत नाही. झाडाला झोका देतो, पुढच्या झाडाला हात घालतो, तिकडे जातो, तिथला घड काढतो, पुन्हा झोका. सबंध रांग संपली की मग जमिनीवर. प्रत्येक झाड खालून चढायचं म्हटलं तर मांड्या सोलून निघतात आणि दिवस पुरत नाही.

एक दिवस बाच्या हातात पुढचं झाड आलं नाही. तो वाचला, पण कमरेतून गेला. तेव्हापासून पडवीत बसून असतो. घरात दुसरं कोण? मी होतो. वीसेक वर्षांचा.

मी चढायचो ते बरं चढायचो. पण वर गेल्यावर झाड सोडून दुसरं धरायची वेळ आली की हात उठायचाच नाही. डोळ्यांसमोर बा यायचा. मग मी उतरायचो, पुढचं झाड खालून चढायचो, उतरायचो. वाडीवाले हसायचे. "ह्याला पोफळ न्हाय, शिडी लागते," म्हणायचे. एकेकानं बोलावणं बंद केलं. शेवटी बाईंची वाडी तेवढी राहिली.

त्याही एक दिवस खाली येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात, डोक्यावर हेल्मेट.

"वरच्या!" त्यांनी हाक मारली. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून मी वरच्याच. "आज उतरायचं नाही. पुढच्या झाडावर जायचं."

मी झोका दिला. झाड वाकलं. पुढची पोफळ हातभर अंतरावर आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी खोडाला मिठी मारली आणि डोळे मिटले.

"काय दिसतंय?"

"काय न्हाय बाई."

"डोळे उघड, गाढवा. काय दिसतंय?"

"झाड हाय."

"कुठलं झाड?"

"पुढलं."

"पुढलं म्हणजे काय? पुढलं तर मंत्रालयपण आहे. कशाजवळचं झाड?"

"पाटाजवळचं."

"आता इंग्रजीत सांग."

मला रडू आलं होतं, त्यात संताप आला. "बाई, मी हितं पडतोय नि तुमी इंग्रजी काय काढताव?"

"पडायचंच असेल तर इंग्रजी बोलत पड. निदान ऐकणाऱ्याला वाटेल शिकलेला पडला. बोल. द ट्री."

"द ट्री."

"निअर. निअर म्हण आणि हात टाक. म्हणून झाल्यावर नाही रे, म्हणतानाच."

"निअर..."

हातात काहीतरी खरखरीत आलं. झाड होतं. मी कधी हात टाकला ते मला कळलंच नाही. मन 'निअर'च्या पुढं काय म्हणायचं त्याच्यात अडकलं होतं.

"निअर काय?" खालून आरोळी.

"निअर द पाट!" मी दुसऱ्या झाडावरनं ओरडलो.

"पाटाला इंग्रजीत वेगळं म्हणतात. पण आज पाट चालेल."

तर इथून आमची शाळा सुरू झाली. ती वर चालायची. बाई खाली, मी शेंड्याला. नियम त्यांचे. प्रत्येक झाड म्हणजे एक नाम. दुसऱ्या झाडाला हात घालताना मधला लहान शब्द म्हणायचा. इन, ऑन, ऑफ, बिहाइंड, जे बसेल ते. हात रिकामा गेला तरी चालेल, तोंड रिकामं जाता कामा नये. आज वाटतं, त्यांना इंग्रजी शिकवायचंच नव्हतं. माझं डोकं भीतीत बसलेलं होतं, त्याला उठवून दुसऱ्या कामाला लावायचं होतं. पण एकदा शिकवायला लागल्यावर बाईंना थांबता यायचं नाही.

त्यांचं म्हणणं असं. आपण मराठी माणसं लांबून घरी येतो. 'देवळाच्या भिंतीजवळच्या माडाच्या ढोलीतलं घरटं.' आधी देऊळ, मग भिंत, मग माड, मग ढोली, आणि सगळ्यात शेवटी हाताला घरटं लागतं. इंग्रज उलटा. तो घरट्यातूनच निघतो आणि हात पुढं करत करत देवळापर्यंत जातो. 'द नेस्ट इन द होल इन द पाम निअर द वॉल ऑफ द टेंपल.'

"आपल्यात झाड आधी, हात मागनं," त्या म्हणायच्या. "विहिरी-जवळ. पाटा-पलीकडे. त्यांच्यात हात आधी जातो, मग झाड येतं. तुझ्यासारख्या भित्र्याला त्यांचीच भाषा बरी. हात तरी पुढं होईल."

आणि रांग संपून मी खाली उतरायला लागलो की ठरलेला प्रश्न यायचा. "वरच्या, चढलास कुठून?"

पहिल्या पहिल्यांदा मी जिथून उतरत असे तेच झाड सांगायचो. बाई हातातली सुपारी मला फेकून मारायच्या. चढलो ते झाड कुठं तरी मागं, विहिरीजवळ. माझ्या चपला तिथं पडलेल्या असायच्या. मग त्या मला उन्हातून अनवाणी तिथवर चालवत न्यायच्या आणि चपलांकडे बोट दाखवायच्या.

"कितीही लांब जा. दहा झाडं हिंड. पण वाक्य पुढं चालायला लागलं की क्रियापद विचारतं, चढलास कुठून? ज्या नामावरून चढलास त्याच्याशीच त्याचं जमतं. जिथं चपला, तिथं क्रियापद."

मला हे समजायला स्कूटर लागली. त्यांनी मला पडवीत उभं केलं आणि डिकीतली अंडी दाखवली. मी म्हटलं, "द एग्ज इन द डिकी ऑफ द स्कूटर ईज..."

"ईज? स्कूटर एक आहे म्हणून? तू स्कूटर फोडून खाणार आहेस का? चपला कुठायत?"

"अंड्यांपाशी."

"अंडी किती?"

"लय हायत."

"मग?"

"आर," मी म्हटलं. कोंबडी माझ्याकडे रागानं बघत होती. त्या दिवशी बाईंनी मला त्यातली दोन अंडी घरी दिली. "तुझ्या बाला सांग, ही आर-ची अंडी."

बाईंना नाम एकटं सोडलेलं सहनच व्हायचं नाही. हरिहरेश्वरला जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या वाट चुकून आमच्या फाटकाशी यायच्या. काच खाली करून कुणी विचारायचं, "आंटी, बीच?" बाई सांगायला सुरुवात करायच्या. शाळेच्या मागच्या तळ्याच्या काठच्या वडाच्या पलीकडची वाट. गाडीवाल्याला फक्त डावं की उजवं ऐकायचं असे. तो वडापर्यंत थांबायचा आणि निघून जायचा. बाई धुळीकडे बघत म्हणायच्या, "पलीकडे न ऐकताच गेला. आता वडाला जाऊन धडकणार."

बाजारात तर विचारू नका. स्वतः मासा खात नसत, पण मांजरांसाठी घेत. कोळणीनं बांगडा पुढं केला की यांची चौकशी सुरू. कुठल्या टोपलीतला? टोपली कुठल्या होडीतली? होडी कुठल्या बंदराची? एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "बाय, मांजराला म्हावरा नेतेस का मांजराची सोयरीक जमवतेस?" सगळा बाजार हसला. बाईही हसल्या. हेल्मेटची काच खाली करून हसल्या, म्हणजे दिसू नये.

मी त्या वाडीत पाच-सहा हंगाम चढलो. पुढं पुढं खाली उतरायची मला आठवणच राहायची नाही. वर वारा असायचा, झाडांतून समुद्र दिसायचा, आणि मी विहिरीपासून कुंपणापर्यंत एका दमात बोलत जायचो. बाकीच्या वाडीवाल्यांनी पुन्हा बोलावणी धाडली. बा पडवीतून विचारायचा, "आज कितवर गेलास?" मी इंग्रजीत सांगायचो. त्याला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. पण ऐकताना त्याचा उजवा हात आपोआप पुढं पुढं व्हायचा. झाडं त्याला कळत होती.

मग वादळ आलं.

वादळाचं मी फार सांगत नाही. दुपारपर्यंत किनाऱ्यावर एकही वाडी उभी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आडवी झाडं ओलांडत, वाकत, कोयतीनं वाट काढत बाईंच्या घरी पोचलो. कौलं गेली होती. पडवी होती, स्कूटर आडवी होती. बाई पायरीवर बसलेल्या. डोक्यावर हेल्मेट. आता वरून पडायला काही राहिलं नव्हतं, तरी हेल्मेट.

सगळ्या पोफळी एकाच बाजूला डोकं करून झोपल्या होत्या. मी त्यांच्यातनं चालत होतो आणि ज्या उंचीवरनं मी बोलत जायचो ती उंचीच कुठं सापडत नव्हती. मी विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. माझं चढायचं पहिलं झाड मुळासकट उपटलं होतं. मी तिथंच खाली बसलो. मला आठवतं, मी बाईंना म्हटलं, "बाई, सगळं गेलं. आता काय बोलायचं?"

त्या उठून आल्या. बूट चिखलात रुतत होते. त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"हे कुठं आहे?"

"काय बाई?"

"ही जागा. कुठं आहे?"

"विहिरीजवळ."

"मग? विहिरीजवळ अजून विहिरीजवळच आहे. पाटापलीकडे पाटापलीकडेच आहे. नाम तेवढं पडलंय. ते लावता येतं."

आणि त्यांनी लावलं. वादळानंतर कितीकांनी जागा विकल्या, बाईंनी रोपं आणली. मी खड्डे खणले, त्या रोप धरायच्या. पण पोफळ काय भात आहे का, पावसात लावला नि दिवाळीत कापला? तिला फळायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं माझ्या घरानं खायचं काय?

"तू जा," बाईच म्हणाल्या. "उंचावरचं काम जगात कुठंही असतं."

म्हसळ्याच्या एका माणसाच्या ओळखीनं आखातातलं काम निघालं. जायच्या दिवशी मी नवे बूट घालून त्यांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"जुन्या चपला कुठायत?"

"पिशवीत हायत."

"काढ. विहिरीजवळ ठेव."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. विहिरीजवळचं रोप तेव्हा माझ्या गुडघ्याएवढंही नव्हतं. त्याच्या आळ्याबाहेर मी चपला काढून ठेवल्या. बाईंनी त्या वाकून सरळ केल्या, तोंडं घराकडे करून.

इथं आल्यावर पहिली गोष्ट हातात मिळाली ती हेल्मेट. आणि फोरमननं इंग्रजीत दम भरला की यार्डात हे डोक्यावरून काढायचं नाही. माझ्या तोंडावर हसू आलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. तिथूनच माझ्यावर त्याचा डोळा बसला.

आमची चाचणी होती. उंच पहाडावर, म्हणजे लोखंडी नळ्यांच्या परांचीवर, पट्टा अडकवून उभं राहायचं. खालून फोरमन वॉकीटॉकीवर सांगणार ते एकदाच. त्याप्रमाणं नेमका दोर शोधून क्रेनच्या हुकाला अडकवायचा. माझ्याआधी वर गेलेल्या दोघांनी भलतेच दोर उचलले. त्यांना तिथूनच खाली बोलावून घेतलं आणि त्यांच्या परतीची बोलणी सुरू झाली. मी वर चढलो तेव्हा मला झाडावरची पहिली भीती आठवली. उंचीची नव्हे, ती केव्हाच गेली होती. घरी परत जाण्याची. पडवीतल्या बाची. गुडघ्याएवढ्या रोपांची.

यंत्र खरखरलं. फोरमन केरळचा, बोलायचा तोफेसारखा. "द येलो स्लिंग ऑन द हुक बिहाइंड द पॅनेल नेक्स्ट टू द लॅडर!"

संपलं. शब्द आले आणि वाऱ्याबरोबर गेले. पिवळे दोर मला सगळीकडे दिसत होते. शिडीला एक टांगलेला होता, तो सगळ्यात जवळ. शेवटचा शब्द तर शिडीच होता. माझा हात तिकडे जायला लागला. पहिल्या दोघांचेही तिकडेच गेले होते.

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, चढलास कुठून?

मी थांबलो. डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले. पिवळा दोर. इथं चपला काढल्या. मग उजवा हात पुढं केला. ऑन. हुक. पुन्हा हात. बिहाइंड. पॅनेल. पुन्हा. शिडीशेजारचं. हवेत झाडं धरत मी शिडीपर्यंत गेलो आणि तसाच एकेक झाड मागं मागं येत चपलांपाशी आलो. शिडीशेजारच्या पत्र्याच्या मागं गेलो. तिथं हुक होता. हुकाला पिवळा दोर. तोच काढून क्रेनला अडकवला.

खाली उतरलो तर फोरमन मला निरखून बघत होता. "वर हवेत काय पकडत होतास?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"ट्रीज, सर," मी म्हटलं.

त्यानं डोकं हलवलं आणि माझ्या नावापुढं खूण केली. त्याला मी येडा वाटलो असणार. पण येडा कामावर राहिला.

अजून मला रोज सकाळी धाकधूक वाटते. आज एखादा शब्द निसटेल, आज चुकीचा माल उचलेन. मग वॉकीटॉकी सुरू होते आणि माझी उजव्या हाताची बोटं खिशातल्या खिशात हलायला लागतात. घरी पैसे जातात, बाचं औषधपाणी होतं. रात्री झोप लागते.

बाईंना आता कमी ऐकू येतं. व्हिडिओ कॉल लावला की फोन त्या कानाला धरतात, म्हणून मला त्यांचा कानच दिसतो आणि हेल्मेटची कड. गेल्या खेपेला मी ओरडून ओरडून सांगितलं, "बाई, फोन फिरवा, वाडी दाखवा." फोन फिरला. आधी आभाळ दिसलं, मग कोंबडी, मग पोफळी. माझ्यापेक्षा उंच झालेल्या. विहिरीजवळच्या पोफळीला पहिला फुलोरा आलाय. बुंध्याशी माझ्या चपला होत्या. एकीचा अंगठा उंदरानं खाल्ला आहे. तोंडं घराकडेच.

"शेजारचा गडी म्हणत होता, पहिला घड मी काढतो," बाईंचा आवाज आला. "मी म्हटलं, हात लावू नकोस. त्या झाडाखाली आधीच कुणाच्या तरी चपला आहेत."

मी चपलांकडेच बघत राहिलो. त्यांना वाटलं फोन बंद पडला. "वरच्या! आहेस का? चढलास कुठून?"

"विहिरीजवळनं, बाई," मी ओरडलो. खोलीतली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

बाई, इथं लिहून ठेवतो म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. तुमचं देणं मी इथून फेडू शकत नाही. ते पाठवायची सोय नाही. पण तो घड पिकून नारिंगी झाला की मी येईन. विहिरीजवळून चढेन. झाडं अजून बारीक असतील, माझा भार पेलेल तेवढं तोलून जाईन, पण मधे कुठं उतरणार नाही. कुंपणापर्यंत सगळं इंग्रजीत म्हणत जाईन, तुम्हाला खाली ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. मग उतरून अनवाणी विहिरीपाशी येईन आणि त्या उंदरानं खाल्लेल्या चपला पायात घालेन.

तोवर तुम्ही तेवढं हेल्मेट काढू नका.